खंड नव्हे, सेवा

२०१० सालची गोष्ट. दसऱ्याची सुट्टी संपून शाळा पुन्हा सुरू झाल्या होत्या. खानापूर तालुक्यातील एका खेड्यातून एक माउली आपल्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली. "रोज सकाळी शाळेच्या वेळेला पोट दुखतंय म्हणतो बघा डॉक्टर," एवढीच तिची तक्रार होती. मी पोट तपासले, लघवी-शौचाची तपासणी करविली, जंताचे औषध दिले. आठ दिवसांनी ती पुन्हा आली. मी सोनोग्राफी करविली. काही निघाले नाही. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा माझ्या दवाखान्यातील जुन्या परिचारिकेने, मुलाचे वजन घेता घेता, सहज विचारले, "ह्याचे वडील काय करतात हो?" माउली म्हणाली, "मिलिटरीत आहेत. दसऱ्याची सुट्टी संपवून परत काश्मीरला गेले."

पोटदुखी त्याच आठवड्यात सुरू झाली होती.

जॉन अ‍ॅप्ले या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने १९५८ साली एक हजार शाळकरी मुलांच्या पाहणीवरून दाखवून दिले होते की, दर दहा मुलांमागे सुमारे एकाला वारंवार पोटदुखी होते आणि त्यांतील बहुतेकांच्या पोटात दोष सापडत नाही. हे मी एम.डी.च्या परीक्षेसाठी पाठ केले होते. पाठ केलेले वेळेवर आठवले नाही, कारण मी पोटाकडे पाहत होतो, मुलाकडे नाही. बेळगावसारख्या सैनिकी गावात उभी हयात काढूनही 'घरात कोणी सैन्यात आहे का?' हा प्रश्न माझ्या केसपेपरावर नव्हता. त्या दिवसापासून तो आहे.

आज या स्मरणिकेच्या निमित्ताने ही आठवण सांगण्याचे कारण, तोच मुलगा पुन्हा माझ्यासमोर येऊन बसला. २०२३च्या आरंभी तो अग्निवीर म्हणून सैन्यात दाखल झाला. रजेवर आला असता भेटायला आला. छाती भरलेली, केस बारीक, बोलणे मोजके. म्हणाला, "काका, चार वर्षं झाली आणि कायम झालो नाही, तर बी.कॉम. करीन म्हणतो. कॉलेजात चौकशी केली. ते म्हणाले, आधी गॅप सर्टिफिकेट आणा."

गॅप सर्टिफिकेट म्हणजे काय, हे पालकांना ठाऊक असेलच. बारावीनंतर शिक्षणात खंड पडला असेल, तर त्या काळात आपण अन्यत्र कोठे शिकत नव्हतो, अशा आशयाचे प्रतिज्ञापत्र मुद्रांकित कागदावर करून द्यावे लागते. नियम गैर नाही. कारकुनाचाही त्यात दोष नाही. परंतु बर्फात पहारा दिलेल्या चार वर्षांना आपल्या कागदपत्रांत 'खंड' यापलीकडे शब्द नसावा, हे मला त्या दिवशी फार लागले. हा लेख त्या एका शब्दाविषयी आहे.

आपल्या गावाचे सैन्याशी असलेले नाते नव्याने सांगण्याची गरज नाही. १७६८पासूनची परंपरा सांगणाऱ्या मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र गेल्या शंभर वर्षांपासून आपल्या कॅम्पात आहे. सैनिकांच्या मुलांसाठी निघालेली मिलिटरी स्कूल १९४५ची. सांबऱ्याला हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. अग्निवीर वायू तेथेच घडतात. खानापूर, चंदगड, गडहिंग्लज या टापूत घरटी एक तरी जवान असलेल्या वाड्या आहेत. साताऱ्याचे अपशिंगे आणि शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळी ही गावे तर सैन्यसेवेसाठीच ओळखली जातात. पहाटे धावणारी पोरे आणि कवायतीच्या आरोळ्या यांची आपल्याला इतकी सवय झाली आहे की, त्यांमागची कुटुंबे आपल्या नजरेतून निसटतात.

या कुटुंबांतून महाविद्यालयाच्या दारात येणारे विद्यार्थी तीन प्रकारचे आहेत. पहिला प्रकार सैनिकांच्या मुलांचा. दुसरा, पंधरा ते चोवीस वर्षांची सेवा करून पस्तिशी-चाळिशीत घरी आलेल्या आणि पदवी घेऊ इच्छिणाऱ्या माजी सैनिकांचा. तिसरा प्रकार सर्वस्वी नवा आहे, तो अग्निवीरांचा.

जून २०२२मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत भरतीचे वय साडेसतरा ते एकवीस असे ठरले होते. पहिल्या वर्षापुरती वरची मर्यादा तेवीस केली होती. त्या वर्षी सुमारे ४६,००० जागा घोषित झाल्या. चार वर्षांनी त्यांपैकी २५ टक्क्यांपर्यंत जवानांना कायम करावयाचे आणि उरलेल्यांनी सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवानिधी घेऊन घरी जायचे, अशी ती रचना. योजनेच्या घोषित अटींनुसार त्यांना निवृत्तिवेतन नाही, ग्रॅच्युइटी नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. २०२२च्या अखेरीस व २०२३च्या आरंभी दाखल झालेल्या पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६च्या अखेरीस व २०२७च्या आरंभी पूर्ण होतात. योजना योग्य की अयोग्य, हा वाद राजकारण्यांनी आणि सेनानींनी घालावा; या व्यासपीठाचा तो विषय नव्हे. आपल्यापुरता प्रश्न साधा आहे. बावीस-तेवीस वर्षांची, शिस्तीची सवय असलेली पण पुस्तकापासून चार वर्षे दूर राहिलेली मुले आपल्या गावात परत येणार आहेत. त्यांना आपण बाकावर जागा करून देणार की नाही?

सरकारने काही वाटा करून ठेवल्या आहेत, त्यांची माहिती आपल्या समाजात फारशी नाही. दहावीवर भरती झालेल्या अग्निवीराला सेवेत असतानाच राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत बारावी करता येते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या खास पदवी अभ्यासक्रमात निम्मे श्रेयांक सेवेतील प्रशिक्षणाबद्दल मिळतात आणि निम्मे अभ्यासाने मिळवावे लागतात. म्हणजे, एका विद्यापीठाने तरी ही चार वर्षे खंड नव्हेत, शिक्षण आहे, असे तत्त्वतः मान्य केले आहे. आपल्या परिसरात राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे, विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आहे, सीमेपलीकडे कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आहे. जे मुक्त विद्यापीठाला जमते, ते बाकांच्या विद्यापीठांनी विचारात तरी का घेऊ नये?

माजी सैनिकांच्या मुलांसाठी व विधवांसाठी २००६-०७पासून पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना आहे. २०१९च्या वाढीनंतर तीत मुलांना दरमहा २,५०० व मुलींना ३,००० रुपये अशी रक्कम ठरली. परंतु ती व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आणि मर्यादित संख्येसाठी आहे. माजी सैनिकाच्या दर्जावर आधारलेल्या अशा योजनांचे दार अग्निवीराच्या घरासाठी उघडे नाही, हेही लक्षात घ्यावे.

या बाबतीत अमेरिकेचा दाखला बोलका आहे. दुसरे महायुद्ध संपत आले असता, २२ जून १९४४ रोजी, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी परतणाऱ्या सैनिकांच्या पुनर्वसनाचा कायदा मंजूर केला. 'जी. आय. बिल' या नावाने तो ओळखला जातो. शिक्षणशुल्क, पुस्तके आणि निर्वाहभत्ता सरकारने द्यावयाचा होता. त्या वेळी शिकागो विद्यापीठाचे हचिन्स आणि हार्वर्डचे कोनंट या दोन नामांकित शिक्षणतज्ज्ञांनीच शंका काढली होती की, अशाने विद्यापीठे बेकारांच्या छावण्या बनतील आणि दर्जा घसरेल. घडले उलटेच. सुमारे ७८ लाख सैनिकांनी शिक्षण वा प्रशिक्षण घेतले. त्यांतील सुमारे २२ लाख महाविद्यालयांत गेले. १९४७ साली महाविद्यालयीन प्रवेशांत जवळजवळ निम्मे विद्यार्थी माजी सैनिक होते. ते वर्गात मागे पडले नाहीत, बरोबरीच्या मुलांपेक्षा सरसच ठरले, आणि कोनंट यांनी आपले मत मोकळेपणाने बदलले.

त्या कायद्याची काळी बाजूही सांगितली पाहिजे. दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय सैनिकांना, कायद्याने हक्क असूनही, विद्यापीठांची दारे बंदच राहिली. कागदावरचा हक्क आणि दारातली वागणूक यांत अंतर पडले की, हक्क असून नसल्यासारखाच होतो. २००८ साली अमेरिकेने नवा कायदा केला. त्यात सैनिकाला काही अटींवर आपला शैक्षणिक लाभ पत्नी वा मुलांच्या नावे करता येतो. तेथील अनेक विद्यापीठांत माजी सैनिक विद्यार्थ्यांसाठी एक खोली आणि एक जाणकार माणूस असतो. आपल्याकडे तेवढा पैसा नाही, हे खरे. पण एक खोली आणि एक माणूस याला किती पैसा लागतो?

आता बालरोगतज्ज्ञ या नात्याने मुलांविषयी. 'पीडिअ‍ॅट्रिक्स' या नियतकालिकात २०१० साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकी सैनिकांच्या तीन ते आठ वर्षे वयाच्या मुलांत, आई वा वडील मोहिमेवर गेले असता, मानसिक व वर्तनविषयक तक्रारींसाठी डॉक्टरांकडे होणाऱ्या फेऱ्या ११ टक्क्यांनी वाढल्या. वर्तनदोषांच्या १९, तर ताणजन्य विकारांच्या १८ टक्क्यांनी. आपली कुटुंबव्यवस्था वेगळी आहे, आजी-आजोबांचा आधार आहे, म्हणून हे आकडे जसेच्या तसे आपल्याकडे लावू नयेत. पण माझ्या खानापूरच्या पोटदुखीचा अर्थ मात्र त्यातून लागतो.

सैनिकाचे मूल आणखी एका गोष्टीला सामोरे जाते, ती म्हणजे बदली. पहिली जालंधरला, तिसरी तेजपूरला, सहावी सिकंदराबादला. केंद्रीय विद्यालयात हिंदी-इंग्रजी, घरी मराठी आणि गावी परतल्यावर शाळेत कन्नड. अशी मुले तीन-चार भाषा बोलतात आणि एकाही भाषेत निबंध लिहिताना अडखळतात. शिक्षक त्यांना 'कच्चे' म्हणतात. मला ती बहुश्रुत वाटतात. बारावीनंतर तर आणखी एक पेच उभा राहतो. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी अनेक राज्ये त्या राज्यात अमुक वर्षे शिकल्याची अट घालतात. कर्नाटकातील सात वर्षांची अट आपणा सर्वांना परिचित आहे. संरक्षण दलातील कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी वेगळी कलमे आहेत, राखीव जागाही आहेत. पण वडिलांचे घर चंदगड तालुक्यात, आई मुलांच्या शाळेसाठी बेळगावात भाड्याने, आणि वडील स्वतः लडाखला, अशा घराने कोणत्या राज्याचा दाखला कोणत्या तारखेच्या आत काढायचा? सीमेवर उभ्या असलेल्या बापाचे मूल दोन राज्यांच्या सीमेवर अडकते. कलम असते, पण ते वेळेत सांगणारा माणूस नसतो.

आणि ज्यांना आपण 'जवान' म्हणतो, त्यांचे वयही पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार दहा ते एकोणीस ही किशोरावस्था. साडेसतराव्या वर्षी भरती होणारा मुलगा कालपर्यंत आपल्याच दवाखान्यात लस घेत होता. मेंदूतील विवेकाचे व आत्मनियंत्रणाचे केंद्र विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहते. म्हणजे, घडण्याची ऐन वर्षे त्याने बंदुकीसोबत काढली. म्हणून तो विकृत होतो, असे मुळीच नव्हे. परतणारा प्रत्येक सैनिक मनाने जखमी असतो, ही चित्रपटांनी पसरविलेली समजूत त्यांच्यावर अन्याय करणारी आहे. बहुतेक जण धडधाकट असतात. त्यांना दया नको; त्यांना आपला वर्ग, आपले वेळापत्रक आणि आपले सोबती समजून घेण्यासाठी थोडा अवधी हवा. झोप न लागणे, दचकणे, एकलकोंडेपणा, दारू या गोष्टी दिसल्याच, तर त्या ओळखणारा डॉक्टर मात्र जवळ हवा. 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक महाविद्यालयाच्या फलकावर असायला हवा. तो सर्वच विद्यार्थ्यांच्या उपयोगाचा आहे.

काही सुहृद मला विचारतील, "शेतमजुराच्या मुलाचे हाल कमी आहेत काय? बँकेतल्या बदलीवाल्याच्या मुलाचीही शाळा बदलते. मग सैनिकांनाच वेगळी पंगत का?" आक्षेप रास्त आहे. माझे उत्तर दोन भागांत आहे. एक, मी जे मागतो आहे, त्यांतील बहुतेक गोष्टी सर्वांच्याच उपयोगाच्या आहेत. वयाने मोठ्या विद्यार्थ्याला सन्मानाने बसू देणारे महाविद्यालय उद्या लग्नानंतर शिकू इच्छिणाऱ्या आपल्या सुनेलाही बसू देईल. दोन, बँकेतला बाप मुलगा आजारी पडला तर रात्रीच्या गाडीने निघू शकतो. सीमेवरचा निघू शकत नाही. ते न निघणे त्याने आपल्या सर्वांच्या वतीने पत्करलेले असते. त्याची थोडी भरपाई आपण करावी, हा उपकार नव्हे, हिशेब आहे.

मग आपण काय करावे? २६ जानेवारीला हार-तुरे आणि शाल-श्रीफळ आपण करतोच. त्यापलीकडच्या चार गोष्टी मी या मंडळासमोर ठेवतो.

पहिली, महाविद्यालयांसाठी. प्रवेशअर्जावर 'घरातील कोणी सैन्यात आहे वा होते का? आपण स्वतः सेवा केली आहे का?' असा रकाना असावा आणि अशा विद्यार्थ्यांसाठी एक प्राध्यापक नेमलेला असावा. दाखले, शिष्यवृत्ती, सवलतीची कलमे व सैनिक कल्याण कार्यालयाशी पत्रव्यवहार हे त्याचे काम. आपल्यातील अनेक जण संस्थांच्या नियामक मंडळांवर आहेत. एका बैठकीत होण्याजोगी ही गोष्ट आहे. सेवामुक्तीचा दाखला जोडला असेल, तर गॅप सर्टिफिकेट मागू नये, असा ठरावही त्याच बैठकीत करावा.

दुसरी, विद्यापीठांसाठी. प्रशिक्षणाचे श्रेयांक मान्य करण्याविषयी आणि शैक्षणिक श्रेयांक पेढीतून ते वळते करून घेण्याविषयी मंडळाने रीतसर निवेदन द्यावे.

तिसरी, आपल्या दवाखान्यांसाठी. प्रत्येक बालरोगतज्ज्ञाने, प्रत्येक फॅमिली डॉक्टरने केसपेपरावर तो एक प्रश्न वाढवावा. त्याला एक पैसाही लागत नाही.

चौथी, मंडळासाठी. महिन्यातून एक रविवार परतलेल्या सैनिकांच्या तपासणीचा व मार्गदर्शनाचा असावा. त्यात गुडघे, कंबर, दृष्टी, झोप आणि विशेषेकरून कान तपासावेत.

कानाचे का, ते सांगतो. गप्पा मारताना माझ्या लक्षात आले की, तो मुलगा मान जराशी वळवून उजवा कान माझ्याकडे करतो आहे. विचारले, तर म्हणाला, "फायरिंगनंतर डाव्या कानात शिट्टी वाजते काका, राहतंय आपोआप." मी त्याला आपल्याच मंडळातील कानाच्या डॉक्टरांकडे पाठविले. आलेखात चार हजार हर्ट्झजवळ तो ओळखीचा खड्डा होता. उजव्या खांद्यावरून बंदूक चालविणाऱ्यांचा डावा कान नळीच्या तोंडाला अधिक जवळ असतो, म्हणून तो आधी जातो. त्याला मी बजावून सांगितले की, परत गेल्यावर युनिटच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला दाखव आणि सेवेत असतानाच त्याची नोंद होऊ दे. बाहेर आल्यावर ती करविणे फार कठीण जाईल. आणि वर्गात बसशील, तेव्हा पहिल्या बाकावर डाव्या बाजूला बस, म्हणजे उजवा कान शिकविणाऱ्याकडे राहील.

हे सांगितले नसते, तर तो मागच्या बाकावर बसला असता. प्राध्यापकांचे अर्धे बोलणे ऐकू आले नसते. पहिल्या सत्रात नापास झाला असता आणि सगळे म्हणाले असते, "मिलिटरीतली पोरं, त्यांना अभ्यास जमत नाही."

सहा वर्षांचा असताना मी त्याच्या पोटाकडे पाहिले आणि मूल माझ्या नजरेतून निसटले. या वेळी परिचारिकेची मदत न घेता मला त्याचा कान दिसला, एवढीच माझी सोळा वर्षांची प्रगती. महाविद्यालये आणि विद्यापीठे यांनी तेवढा वेळ लावू नये, ही विनंती. चार वर्षांचा हिशेब मागणारा कारकून उद्याही असेलच. त्याच्या रकान्यात 'खंड' याऐवजी 'सेवा' असा शब्द छापून देणे मात्र आपल्या हाती आहे.